शून्याचे चार टक्के

जर्मनी,
९ जानेवारी २०२४

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र पोचेपर्यंत राजूरची थंडी ओसरायला लागली असेल. इथे खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं झालं म्हणून आपण पुन्हा पत्रांवर आलो, त्याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय. ही बातमी मला हाताने लिहायची होती.

सर, चमकलं.

अकरा वर्षं मी तुम्हाला या कामाबद्दल तुकड्या-तुकड्याने सांगत आले. आज सगळं एका जागी लिहिते, म्हणजे कुणाला समजावून सांगायचं झालं तर सोपं जाईल. साध्या दिव्याच्या उजेडात प्रत्येक लाट आपापल्या मनाने निघते, बाजारच्या दिवशी माणसं चालतात तशी. लेसरमध्ये सगळ्या लाटा एकाच पावलावर चालतात. आजवरचे लेसर अणूतल्या इलेक्ट्रॉनांकडून उजेड घेतात. आम्हाला तो अणूच्या पोटातून, केंद्रकातून हवा आहे. केंद्रकातून निघतो तो गॅमा किरण, लाखो पटींनी जोरकस. म्हणून त्याचं नाव गॅमा लेसर. जगात तो अजून कुठेही नाही.

का नाही, तेही सांगते. गॅमा किरणाला आरसा नाही, तो आरशातून आरपार जातो. किरण सोडताना केंद्रक बंदुकीसारखं मागे धक्का खातं आणि सूर बिघडतो. आणि तिसरी अडचण, जिने माझे केस पांढरे केले: जी केंद्रकं ऊर्जा पटकन सोडतात ती भरून होण्याआधीच रिकामी होतात, आणि जी ऊर्जा धरून ठेवतात ती हवी तेव्हा सोडत नाहीत. हाफ्नियम नावाच्या धातूचा एक प्रकार असा आहे की तो निम्मा रिकामा व्हायला एकतीस वर्षं लागतात. भरलेलं कोठार, पण कुलूप लावलेलं. आम्ही त्याच्यावर एक्स-रे मारून किल्ली शोधत होतो.

एक्स-रे बंद असताना किती गॅमा किरण निघतात ते मोजायचं, मग चालू असताना मोजायचं. चालू असताना चार टक्के जास्त निघाले. एकदा नाही, एकेचाळीस वेळा. हा अजून लेसर नव्हे. पण किल्ली कुलपात फिरली.

पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक दावा झाला होता, तो इतरांना करून दाखवता आला नाही. म्हणून आमचे प्रमुख सावध आहेत. लेख छापून येईपर्यंत कुणाला सांगू नका. काकूंना सांगितलंत तर चालेल.

तुमची,
सुकन्या


राजूर, ता. अकोले,
२ फेब्रुवारी २०२४

चि. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा पोस्टाच्या पायरीवर उभ्यानेच. तू दोन ठिकाणी ‘केंद्रक’वरचा अनुस्वार पुढच्या अक्षरावर दिला आहेस. बर्फात अनुस्वार घसरतात असं समजून गुण कापले नाहीत.

तुझ्या काकूंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, “म्हंजी आता पोरगी घरी येनार व्हय?” मी म्हटलं, आता तर ती मुळीच येणार नाही. त्यांना ते पटलं नाही.

इकडे सर्व ठीक. मच्छिंद्रची काळी-पिवळी राजूर ते शेंडी फेऱ्या मारते आहे. धरणावर शनिवार-रविवार गर्दी असते. त्याचं डोकं दुखत होतं म्हणून नाशिकला दाखवून आणलं. सूनबाई स्नेहल बरोबर होती. विशेष काही नाही.

एक विचारायचं आहे. पुढच्या महिन्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मुलं हल्ली सरळ उपयोगाचं विचारतात. समजा, एखाद्याच्या डोक्यात डोळ्याच्या नसेला चिकटून गाठ आहे. हल्लीच्या किरणांनी गाठ जळते, पण जवळची नसही होरपळते. तुझा किरण नुसत्या गाठीवर धरता येईल का? आणि असा किरण दवाखान्यात यायला किती काळ लागेल? नुसतं ‘पुढेमागे’ म्हणून मुलांचं समाधान होत नाही. नक्की आकडा दे. लवकर लिही.

तुझे,
सर


जर्मनी,
१८ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी हसले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तुम्ही मुलांच्या प्रश्नांची तयारी करताच आहात!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय. गॅमा लेसर झाला तर त्याची धार इतकी बारीक ठेवता येईल की गाठीच्या पेशी जातील आणि शेजारच्या नसेला कळणारसुद्धा नाही. मी प्रयोगशाळेत याच कल्पनेने शिरले होते. तुम्ही दिलेलं उदाहरणच मी इथल्या व्याख्यानात वापरणार आहे.

दुसरा प्रश्न अवघड. शास्त्रज्ञ म्हणून माझं उत्तर ‘सांगता येत नाही’ असं आहे. पण नववी-दहावीच्या मुलांना असं सांगून कसं चालेल? त्यांचे डोळे चमकायला हवेत. तेव्हा आमच्या प्रयोगाचं नाव न काढता सांगा, राजूरच्या शाळेतून गेलेली मुलगी म्हणते की दोन वर्षांत पहिला रुग्ण. आमचे प्रमुख परवा कॉफी पिताना म्हणाले, सगळं जुळून आलं तर वर्षभरातसुद्धा एखाद्या दवाखान्याशी बोलणी सुरू होतील. हे इतके दिवस ‘सावध राहा’ म्हणणारे गृहस्थ! खरं सांगू, मलाही आता तसंच वाटायला लागलं आहे.

मच्छिंद्रदादाला म्हणावं, चष्म्याचा नंबर तपासून घे. बारावीनंतर त्यानेच मला गाडीत पुढे बसवून संगमनेरला सोडलं होतं. तेव्हासुद्धा तो डोळे बारीक करून पाट्या वाचायचा.

प्रदर्शन कसं झालं ते कळवा.

तुमची,
सुकन्या


राजूर,
१७ मार्च २०२४

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. प्रदर्शन चांगलं झालं.

आणखी एक विचारतो. माझ्या ओळखीतल्या एका माणसाला तसाच आजार निघाला आहे. गाठ डोळ्याच्या नसेजवळ. शस्त्रक्रिया करता येत नाही म्हणतात. डॉक्टरांनी सहा आठवडे किरणांचे शेक घ्यायला सांगितले आहेत, रोज नाशिकला जाऊन. उजवा डोळा जाईल, कदाचित डावाही अधू होईल, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. या माणसाचं सगळं काम डोळ्यांवर आहे. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने ते हातात घेऊन स्वतःही वाचलं आणि झेरॉक्स काढून नेली. आता तो म्हणतो, गाठ हळू वाढते आहे, थोडं थांबू. वर्षभरात चांगला इलाज येत असेल तर डोळे कशाला घालवायचे?

मी त्याला विरोध केला नाही. मीही म्हणालो, तूर्त सहा महिने थांबायला हरकत नसावी.

बरोबर सांगितलं ना? उलट टपाली कळव.

तुझे,
सर


जर्मनी,
१६ एप्रिल २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. क्षमा करा. लेख परीक्षकांकडे गेला आहे. सध्या थोडं तपासणीचं काम निघालं आहे, त्यात दिवस कसे जातात कळत नाही. इथे झाडांना पालवी फुटली आहे, पण मला ती सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना तेवढी दिसते.

प्रदर्शन चांगलं झालं हे वाचून आनंद झाला. मुलांनी काय काय मांडलं होतं? काकूंचे गुडघे कसे आहेत?

आज फार लिहीत नाही. बाकीचं पुढच्या पत्रात सविस्तर.

तुमची,
सुकन्या


राजूर,
१२ जून २०२४

चि. सुकन्या,

तुझं एप्रिलचं पत्र एका पानाचं आहे. तू सतरा वर्षांची असल्यापासून मला पत्रं लिहितेस. एका पानाचं कधी लिहिलं नव्हतंस. त्यानंतर दोन महिने काहीच नाही.

मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर त्या पत्रात नाही. विसरली असशील असं आधी समजलो. मग पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तू त्या प्रश्नाला वळसा घालून गेली आहेस. वर्गात उत्तर येत नसलं की तू अशीच खिडकीकडे बघायचीस.

तपासणीचं काम म्हणजे काय?

तो माणूस आता गाडी चालवत नाही. रंध्याच्या वळणावर समोरून येणाऱ्या एका एसटीच्या त्याला दोन एसट्या दिसल्या. त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून आत बसलेली नऊ माणसं वाचली. गाडीतून उतरून तो तिथेच दगडावर बसून राहिला. दुसऱ्या कुणीतरी गाडी घरी आणली.

जे असेल ते लिही.

सहादेव आवारी


जर्मनी,
१ जुलै २०२४

आदरणीय सर,

किरण नाही. पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे मला पुन्हा वळसा घालता येणार नाही.

हाफ्नियम चमकलं नव्हतं. २६ मार्चला मी हाफ्नियम काढून त्याच जागी आपोआप गॅमा किरण सोडणारा कोबाल्टचा साधा तुकडा ठेवला. यंत्रं तपासायला असा तुकडा प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. त्यात अडवून ठेवलेली ऊर्जा नाही, कुलूप नाही, काही नाही. त्याच्यावर एक्स-रेचा परिणाम व्हायला नको. एक्स-रे चालू केले आणि कोबाल्टसुद्धा चार टक्के जास्त चमकला.

तुम्ही विचाराल, हे आधीच का तपासलं नाही? तपासलं होतं. किरण न सोडणारी साधी पट्टी ठेवून मोजलं होतं, तेव्हा वाढ दिसली नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण जिथे किरणच नाहीत तिथे वाढणार काय? शून्याचे चार टक्के शून्यच. नववीतल्या मुलाने दाखवावी अशी चूक आम्ही सात जणांनी मिळून केली.

कारण सापडायला आणखी आठवडा गेला. एक्स-रेचं यंत्र सुरू झालं की त्याला गार ठेवणारा पंप सुरू होतो. त्या पंपामुळे मोजणीच्या यंत्राचा वीजपुरवठा केसभर हलतो आणि शेजारच्या ऊर्जेचे किरण आमच्या किरणांत मोजले जातात. एवढंच. अकरा वर्षं आणि एक पंप.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तुमचं मार्चचं पत्र मला २ एप्रिलला मिळालं. कोबाल्टला तेव्हा सात दिवस झाले होते. मला माहीत होतं, सर. मी त्या दिवशी तुम्हाला चार ओळींचं पत्र लिहिलं, ‘त्यांना थांबवू नका, लगेच उपचार घ्यायला सांगा.’ ते पाकिटात घातलं आणि टाकलं नाही. प्रमुख म्हणाले होते की पंप वेगळ्या तारेवर घेऊन पुन्हा मोजू, चार नाही तर एक टक्का तरी खरा निघेल. मला तो एक टक्का हवा होता. चाळीस दिवस मोजलं. काहीही निघालं नाही. तरी आणखी महिनाभर मी आकडे चाळत बसले. तुमचं जूनचं पत्र आलं नसतं तर अजूनही बसले असते.

दोन वर्षांत पहिला रुग्ण हे वाक्य मी प्रदर्शनातल्या मुलांसाठी लिहिलं होतं. टाळ्या पडाव्यात म्हणून.

लेख मागे घ्यायला प्रमुख तयार नव्हते. मी माझं नाव काढून घेतलं आणि चूक कशी झाली ते स्वतंत्र लिहिलं. ती बारा पानं सोबत जोडते. माझा करार सप्टेंबरअखेर संपतो, तो वाढवणार नाहीत. ते योग्यच आहे. गॅमा लेसर माझ्या हयातीत होईल असं मला आता वाटत नाही. ज्या अडचणी मी तुम्हाला जानेवारीत फुशारकीने लिहिल्या होत्या, त्या सगळ्या जिथल्या तिथे आहेत.

त्या माणसाला आजच्या आज नाशिकला पाठवा. माझं नाव घेऊन हवं ते सांगा.

सुकन्या


राजूर,
२९ जुलै २०२४

सुकन्याताईंना नमस्कार.

मी स्नेहल, मच्छिंद्र आवारीची मिसेस. आपली गाठ एकदाच पडली, माझ्या लग्नात. तुमी मला घड्याळ दिलं हुतं. तुमचा नंबर माझ्याकडं न्हाई. पाकिटावरचा पत्ता बघून लिहिते. बारावी झालेली हाय, पन अक्षर चांगलं न्हाई.

नानांच्या ओळखीतला मानूस म्हनून तुमाला लिहिलं तो यांचाच आजार हाय. नाना माझे सासरे हायेत, पन मी खरं तेच लिहिते. जानेवारीच्या शेवटी नाशिकच्या डॉक्टरनी सांगितलं का महिन्याच्या आत शेक सुरू करा. घरी आल्यावर हे म्हनले, डोळं गेल्यावर मी करू काय, खाटंवर बसून लोकांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू? मग तुमचं पत्र आलं. यांनी त्याची झेरॉक्स काढली आनि शर्टच्या खिशात ठेवली. शर्ट धुवायला टाकला का आधी ती काढून घ्यायचे. कोन भेटायला आलं का दाखवायचे, हे बघा, आपल्या गावची पोरगी हाय, दोन वर्षं म्हनती पन वर्षातच हुईल. दोनदा नाशिकवरून फोन आला, या म्हनून. यांनी सांगितलं, आमचं दुसरीकडं बघनं चालू हाय.

आता उजवा डोळा पूर्न गेला. डाव्यानं सावली दिसती. तोल जातो. बुधवारी नाशिकला नेलं तर डॉक्टर म्हनले, गाठ मागं मेंदूच्या देठापर्यंत गेली, आता शेक देऊन फायदा न्हाई.

तुमचं जुलैचं पत्र आलं त्या दिवशी नानांनी ते वाचलं आनि पेटीत ठेवून दिलं. जेवले न्हाईत. आत्याबाईंनी, म्हंजी तुमच्या काकूंनी, खुनेनं विचारलं काय लिहिलंय, तर म्हनले, शास्त्राचं हाय, तुला कळनार न्हाई. मी दुसऱ्या दिवशी पेटी उघडून वाचलं. मला सगळं कळालं न्हाई, पन पहिली ओळ कळाली.

यांना अजून म्हाईत न्हाई. हे रोज विचारतात, सुकन्याचं काय आलं का गं? मी म्हनते, न्हाई. मग म्हनतात, येईल, ती कामात असंल.

तर ताई, मी यांना सांगू का नको? नानांना इचारता येत न्हाई, ते भिंतीकडं तोंड करून बसतात. तुमी शिकलेल्या हायात. तुमाला राग यावा म्हनून लिहिलं न्हाई. मला खरंच कळंना म्हनून लिहिलं. माझा नंबर खाली देते.

स्नेहल


जर्मनी,
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय स्नेहलताई,

तुमचं पत्र काल मिळालं. मी लगेच फोन लावला. तुम्ही उचललात. तुम्ही दोनदा “हॅलो, कोन?” म्हणालात. मागे कुणीतरी खोकत होतं. मी फोन ठेवला. तो फोन माझा होता. मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. एवढी भित्री मी आहे हे तुम्हाला माहीत असावं.

रंध्याच्या वळणावर गाडी चालवणारी किती माणसं मी ओळखते? एकच. सरांनी जूनमध्ये लिहिलं तेव्हा मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. मार्चपासून मला ती सवय लागली आहे.

तुम्ही विचारलंत, सांगू का नको. मला ठरवायचा अधिकार नाही, पण विचारलंत म्हणून सांगते. सांगा. ते रोज माझ्या नावाने वाट बघतात आणि मी इथे काहीही करत नाही, हे मला सहन होत नाही. पण हेसुद्धा मी माझंच बघते आहे. त्यांना ऐकून काय होईल ते तुम्हाला जास्त कळेल. तुम्हाला वाटलं नको, तर नको.

सांगायचं ठरवलंत तर सोबतचा कागद त्यांना वाचून दाखवा. मच्छिंद्रदादाच्या नावाने लिहिला आहे. त्यात काय चुकलं ते सगळं आहे. माफी मागितलेली नाही, कारण मग त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

मी ऑक्टोबरमध्ये भारतात येते आहे. भाऊ आता नाशिकला राहतो, आई-वडील त्याच्याकडेच आहेत. तुम्ही म्हणालात तर राजूरला येईन. नको म्हणालात तर येणार नाही.

सुकन्या


राजूर,
२९ सप्टेंबर २०२४

चि. सुकन्या,

तू स्नेहलला लिहिलेलं पत्र २७ ऑगस्टला आलं. मच्छिंद्र १९ तारखेला गेला. त्याच्या नावाचा कागद स्नेहलने उघडला नाही. तिच्याकडे आहे.

ती तुला लिहिणार नाही. मी लिहितो.

त्याला मीच सांगितलं. स्नेहलने तुला विचारल्याचं मला तेव्हा माहीत नव्हतं. ५ ऑगस्टला तो नाशिकच्या दवाखान्यात होता. त्या दिवशीही त्याने विचारलं, पत्र आलं का? त्याच्या ओठांवरून मला तेवढं कळायला लागलं होतं. मी म्हणालो, “मच्छिंद्रा, तो किरण नाही. चूक झाली होती त्यांची.” मला आता माझा आवाजही ऐकू येत नाही. फार मोठ्याने बोललो असेन, कारण वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

तो काही बोलला, ते मला कळलं नाही. स्नेहलने केसपेपरच्या मागे लिहून मला दाखवलं. ‘नाना, तुमी वाईट वाटून घेऊ नका. थांबू असं मीच म्हनलो.’ मग तो आणखी काही बोलला. तिने लिहिलं, ‘सुकन्याला माझं कळवू नका म्हनतात.’ त्यानंतर तो कूस बदलून पडला. पुढचे चौदा दिवस त्याने पत्राचं विचारलं नाही. दुसरंही काही विचारलं नाही. खिशातली झेरॉक्स त्याने कधी काढून टाकली ते कुणालाच माहीत नाही. कपडे परत दिले तेव्हा खिसा रिकामा होता.

दिवस झाल्यावर मी एकटाच नाशिकला जाऊन डॉक्टरांना भेटलो. पाटी-पेन्सिल बरोबर नेली होती. विचारलं, फेब्रुवारीत शेक दिले असते तर? त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘डोळा गेला असता. माणूस राहिला असता.’

तुला दोष द्यावा असं मनात येतं. काही दिवस मी तो देतोही. मग मला माझं फेब्रुवारीचं पत्र आठवतं. शाळेत प्रदर्शन नव्हतं, सुकन्या. कुणीही मला बोलायला बोलावलं नव्हतं. माझ्या मुलाच्या डोक्यात गाठ आहे असं लिहिलं तर तू घाबरून जपून उत्तर देशील, असं मला वाटलं. मला जपून दिलेलं उत्तर नको होतं. म्हणून मी मुलांचं नाव पुढे केलं आणि तू मुलांना द्यावं तसं उत्तर दिलंस. मार्चमध्येही ‘ओळखीचा माणूस’ लिहिलं. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं की प्रश्न नीट विचारा, निम्मं उत्तर प्रश्नातच असतं.

तुझ्या काकू माझ्याशी बोलत नाहीत. मला ऐकू येत नसल्यामुळे बाहेरच्यांना फरक कळत नाही. गाडी अंगणात उभी आहे. स्नेहल ती विकू देत नाही आणि दुसऱ्या कुणाला चालवूही देत नाही.

तू येऊ नकोस. रागाने लिहीत नाही. तू आलीस तर काकू तुला जेवायला वाढतील, स्नेहल पाणी देईल. ते मला बघवणार नाही. हे माझं शेवटचं पत्र समज. तुझं पत्र उघडणं आता नको वाटतं.

एक गोष्ट मात्र तुला कळवली पाहिजे. तू पाठवलेली बारा पानं मी वाचली. ऑगस्टमध्ये सुरुवात केली, काल संपवली. एकंदर चार वेळा वाचली. शब्दकोश जवळ ठेवून, एकेक वाक्य मराठीत लिहून काढून. जी समीकरणं मला येत नाहीत ती सोडून दिली. पण सातव्या पानावरचा तक्ता मी पूर्ण सोडवला. पंप चालू, पंप बंद, हाफ्नियम, कोबाल्ट, सगळे आकडे हाताने मांडले. दोन वह्या भरल्या.

मी चूक शोधत होतो. कुठेतरी तुझा भागाकार चुकला असेल, एखादी वजाबाकी उलटी झाली असेल. मग चार नाही तर एक टक्का तरी खरा असेल, किरण असेल, आणि मच्छिंद्र ज्याच्यासाठी थांबला ते जगात कुठेतरी होतं असं मला स्नेहलला सांगता येईल.

चूक सापडली नाही. तुझं गणित बरोबर आहे.

सहादेव आवारी